सहीपुरता मामा

राज्य हौशी मराठी नाट्यस्पर्धेच्या प्राथमिक फेरीत, सांगली केंद्रावर, दोन वर्षांपूर्वी पाहिलेला एक प्रयोग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. रंगमंचावर एक लोखंडी कॉट, भिंतीला लावलेली शिलाई मशीन, एक प्लास्टिकची खुर्ची आणि साडीचा पडदा बांधून वेगळा केलेला स्वयंपाकाचा कोपरा, एवढेच सामान होते. पंधरा वर्षांचा मुलगा, मामा, मामी, मामाचा मुलगा आणि दुसऱ्या अंकाच्या शेवटी थोडा वेळ येणारी आई, अशी पाच पात्रे होती. मुलाचे आईवडील कोइमतूरला गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या दुकानात आहेत आणि मुलाला आठवीपासून खानापूर तालुक्यातल्या मामाकडे ठेवले आहे. तो शाळेला दांड्या मारतो, कपाटातले पैसे उचलतो, विचारले तर बोलत नाही आणि एका रात्री मामाची मोटारसायकल घेऊन मिरज स्टेशन गाठतो, कारण दक्षिणेकडे जाणाऱ्या गाड्या तिथून सुटतात हे त्याला ठाऊक असते. प्रेक्षागृहातल्या अर्ध्याहून अधिक खुर्च्या रिकाम्या होत्या. परीक्षक पुढच्या रांगेत बसून गुण लिहीत होते. दुसऱ्या दिवशी दुसरा संघ आला, आणि त्या नाटकाचा पुन्हा प्रयोग झाल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

त्या प्रयोगाची गुणवत्ता ठरवणे हा या लेखाचा हेतू नाही. त्यात दोष होते आणि त्यांविषयी मी पुढे लिहिणार आहे. माझे म्हणणे असे आहे की नातेवाइकाच्या घरी राहणाऱ्या अडचणीतल्या मुलाची आणि त्याला सांभाळणाऱ्या माणसाची स्थिती आज ना शाळेच्या रजिस्टरात नोंदली जाते, ना कायद्याच्या यादीत, ना गावाच्या बोलण्यात. ती जशीच्या तशी दिसते ती अशा तुटपुंज्या पैशांत उभ्या राहिलेल्या नाटकात. आणि ते नाटक आपण एकदाच, गुण देण्यापुरते, होऊ देतो. सार्वजनिक पैसा आणि सार्वजनिक रंगमंच यांचा इतका चुकीचा वापर दुसरा क्वचितच असेल.

ही स्थिती कुठून येते ते आधी पाहिले पाहिजे. खानापूर, आटपाडी, कडेगाव, तासगाव, कवठेमहांकाळ हे सांगलीचे तालुके आणि शेजारच्या साताऱ्यातले माण आणि खटाव हा सगळा पर्जन्यछायेतला, पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळ सोसलेला पट्टा. इथली माणसे सोने-चांदी गाळण्याचे काम शिकून देशभर गेली. केरळ, तमिळनाडू, बंगाल, उत्तर प्रदेश, दिल्ली, जिथे सराफ बाजार आहे तिथे खानापूर तालुक्यातल्या विटा परिसरातला गलाईवाला सापडतो. जुने दागिने वितळवायचे, तेजाबाने सोने वेगळे करायचे, भट्टीजवळ दिवसभर बसायचे आणि बहुधा त्याच इमारतीतल्या एखाद्या खोलीत संसार करायचा, असे हे जगणे आहे. साताऱ्याच्या पाटण आणि जावळीकडची माणसे मुंबईला माथाडीत गेली, ती ओढ वेगळी, पण घराचा आकार तोच. मिळवते लोक दूर असतात आणि गावात आजी, आजोबा, मामा किंवा चुलता असतो. मुलगा लहान असेपर्यंत आईवडिलांजवळ राहतो. पुढे मराठी शाळा, दाखले, दहावीची परीक्षा, भट्टीच्या धुरापासून सुटका, गावातले घर उघडे राहणे, अशा अनेक कारणांनी त्याला माघारी पाठवले जाते. त्यातले प्रत्येक कारण समजण्यासारखे आहे. मात्र हा निर्णय नेमका त्या वयात होतो ज्या वयात मुलाला निर्णयात वाटा हवा असतो, आणि त्याला तो कोणीही विचारत नाही.

माझ्या बहिणीचा मुलगा आमच्या विट्याच्या घरी तीन वर्षे राहिला, म्हणून मी हे दुरून लिहीत नाही. सातवीपर्यंत तो तमिळ शाळेत शिकला होता. तमिळ लिपीत क, ख, ग आणि घ यांना मिळून एकच अक्षर आहे, त्यामुळे तो बोलताना अगदी आपल्यासारखा बोले आणि लिहिताना मात्र गोंधळे. पहिल्याच निबंधात त्याने ‘घर’ हा शब्द सगळीकडे ‘गर’ असा लिहिला. वर्गात वही वाचून दाखवली गेली आणि पुढचे वर्षभर मुले त्याला त्याच शब्दाने हाक मारत होती. आम्हाला हे कळले तेव्हा तो नववीत गेला होता. दरम्यान आम्ही त्याच्यावर चिडलो होतो, शाळेत का जात नाहीस म्हणून रागावलो होतो आणि एकदा माझा हातही उठला होता. मी स्वतः शिक्षक असूनही मला त्याची वही उघडून पाहावी असे वाटले नाही, कारण मार्क आणि हजेरी पाहणे म्हणजे पालकत्व असे मी धरून चाललो होतो.

या संदर्भात आपल्या भाषेकडेही पाहावे. वांड, टारगट, उनाड, व्रात्य, हाताबाहेर गेलेला, वाया गेलेला. मूल इतरांना त्रास देते हे सांगणारे शब्द मराठीत भरपूर आहेत, पण मूल स्वतः त्रासात आहे हे एका शब्दात सांगायचे झाले तर आपण अडखळतो. दुसऱ्या टोकाला कायद्याने दिलेला ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ हा शब्द आहे, आणि तो मुलावर गुन्ह्याचा आरोप आल्यानंतरच लागू होतो. वांड आणि विधिसंघर्षग्रस्त यांच्या मधल्या दोन-तीन वर्षांना नाव नाही. नाव नसलेल्या गोष्टीविषयी शाळेच्या पालकसभेत बोलता येत नाही, पंचायतीत ठराव मांडता येत नाही आणि आईला फोनवर सांगता येत नाही. त्या नाटकातला मामा बहिणीला फोनवर तीनदा एकच वाक्य सांगतो, “तसं काय न्हाय, जरा ऐकत न्हाय एवढंच.” त्या वाक्यात त्याची सगळी कोंडी आहे, आणि ती लेखकाने ऐकून लिहिलेली आहे.

आता कायद्याकडे येऊ. बाल न्याय अधिनियम २०१५ मध्ये काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची व्याख्या विस्ताराने दिली आहे. जिल्ह्याजिल्ह्यात बालकल्याण समित्या आहेत, जिल्हा बाल संरक्षण कक्ष आहेत, संकटातल्या मुलासाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक आहे. महाराष्ट्रात क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे आणि तिच्यातून पात्र मुलाला दरमहा २,२५० रुपये मिळतात. २०२१ मध्ये कोरोनाने आईवडील हिरावलेल्या मुलांसाठी राज्याने ५ लाख रुपयांच्या मुदत ठेवीची तरतूद केली, आणि त्यांतली कितीतरी मुले नातेवाइकांकडेच वाढत आहेत. हे सगळे योग्यच आहे. पण ज्याचे आईवडील हयात आहेत, कमावते आहेत, दरमहा पैसे पाठवतात आणि केवळ दीड हजार किलोमीटर दूर आहेत, तो मुलगा कागदावर अडचणीत नसतो. त्याच्या मामाला कोणी पालक म्हणून नेमलेले नसते. प्रगतिपुस्तकावर पालकाच्या सहीच्या जागी त्याची सही चालते, दाखला काढायचा झाला की चालत नाही.

मग कायद्याला हा मामा केव्हा सापडतो? दंडाच्या वेळी सापडतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९९ अ आले. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर त्याचा पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो, ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला २५ वर्षे वयापर्यंत परवाना मिळत नाही. आपल्या नकळत मुलाने गाडी नेली, किंवा आपण त्याला रोखण्याचा पुरेसा प्रयत्न केला होता, हे मालकाला सिद्ध करता आले तर सुटका आहे. तरतूद रस्त्यावरच्या जिवांसाठी आहे आणि ती मला मान्य आहे. पण नाटकात रात्री दीड वाजता पोलीस मामाला विचारतात, “तुम्ही पालक का मालक?” आणि मामा उत्तर देऊ शकत नाही, तेव्हा प्रेक्षागृहात बसलेल्या मला आपल्या व्यवस्थेचे वर्णन एका प्रश्नात ऐकल्यासारखे वाटले. इतकी वर्षे त्या माणसाने मुलाला जेवू घातले, तापात उशाशी बसला, पालकसभांना रजा टाकून गेला. त्यातल्या कशासाठीही त्याला कोणी हे विचारले नव्हते.

मामाचे गाव हे आपल्याकडे बालपणापासून सुट्टीचे ठिकाण म्हणून मनात बसलेले असते. आठ दिवसांसाठी गेलेल्या भाच्याला मामीच्या हातचे सगळे मिळते. तोच भाचा तीन वर्षांसाठी आला की त्या घराचे सगळे हिशेब बदलतात. दूध वाढते, गॅसची टाकी लवकर संपते, आपल्या मुलाला आणि भाच्याला एकाच मापाने वाढावे लागते, आणि त्या मापाकडे गावाची, नणंदेची आणि स्वतः त्या मुलाची बारीक नजर असते. आपल्या नाटक-सिनेमाने ही मामी बहुतेक वेळा दुष्ट करून टाकली आहे, कारण दुष्ट मामी लिहायला सोपी असते. मी म्हणतो त्या नाटकाने हे केले नाही, आणि मला त्याविषयी लिहावेसे वाटले ते प्रामुख्याने या एका गोष्टीसाठी. कपाटातले पैसे गेल्याचे कळल्यावर मामी ओरडत नाही. शिलाई मशीनवर बसून ब्लाउजला हात घालते आणि पाठमोरी राहून बोलते, “माझ्या पोरानं घेतलं असतं तर दोन रट्टे दिलं असतं आन् इसरून गेली असती. तुला बोललं तर तुझी आई फोन करतीया, न्हाय बोललं तर मास्तर बोलावत्यात. म्या करायचं तरी काय?” मुलगा काहीच बोलत नाही. मशीन पुन्हा सुरू होते. त्या घरात मुलाला परके करणारी गोष्ट अन्नाची कमतरता नाही. त्याला कोणी मोकळेपणाने रागावू शकत नाही, आणि जिथे मोकळेपणाने रागावता येत नाही तिथे मोकळेपणाने जवळ घेताही येत नाही, ही ती गोष्ट आहे. मारण्याचे समर्थन मी करत नाही, माझ्या स्वतःच्या हाताची लाज मला अजून आहे. पण त्या बाईने जे सांगितले ते एखाद्या समुपदेशकाच्या तासाभराच्या व्याख्यानात मला ऐकायला मिळाले नव्हते.

असे दृश्य लिहायला आणि करायला पैसे लागत नाहीत, उलट पैसे आले की ते बिघडते, असे माझे मत आहे. फिरता रंगमंच आला, संगीत आले, ओळखीचा चेहरा आला की मशीनच्या त्या आवाजाची जागा दुसरे काहीतरी घेते. दोन खोल्यांच्या घरातली कोंडी दोन खोल्यांएवढ्याच रंगमंचावर दिसते. मामीला पाठमोरे बसूनच बोलावे लागते, कारण तोंड फिरवायला दुसरी जागा नाही, आणि हे प्रेक्षकाला न सांगता कळते. राज्याच्या चित्रपट अनुदानासाठी चित्रपट आधी पूर्ण करावा लागतो आणि मग त्याचा दर्जा ठरतो, म्हणजे आधी लाखो रुपये उभे करता आले पाहिजेत. हौशी संघाला तेवढे कधीच जमत नाही, आणि या विषयाला तेवढ्याची गरजही नाही.

सांगलीत हे सांगावे लागावे याचे वाईट वाटते. १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने सीतास्वयंवराचा प्रयोग याच शहरात केला आणि ५ नोव्हेंबर हा दिवस आपण रंगभूमी दिन म्हणून साजरा करतो. त्याहून माझ्या मुद्द्याला जवळचे नाव गोविंद बल्लाळ देवल यांचे आहे. कृष्णा-वारणेच्या संगमावरचे हरिपूर हे त्यांचे गाव. १८९९ मध्ये रंगमंचावर आलेल्या ‘शारदा’मध्ये त्यांनी पैशांसाठी म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या एका किशोरवयीन मुलीला मध्यभागी उभे केले. तोवर जी गोष्ट घरातली, भटजींची आणि सोयऱ्यांची मानली जात होती, ती त्या नाटकामुळे चारचौघांत बोलण्याची झाली. हे शक्य झाले कारण ते नाटक गावोगाव गेले, पुन्हा पुन्हा झाले आणि ज्यांच्या घरात तसे लग्न घाटत होते त्यांच्यापर्यंत पोहोचले. एकाच प्रयोगानंतर ते थांबले असते तर त्याचे आज नावही राहिले नसते.

शारदेचे नाव आले म्हणून एक गोष्ट नोंदवली पाहिजे. मी पाहिलेल्या नाटकात मुलगा आहे. या विषयावरच्या अशा कथांत बहुतेक मुलगाच असतो, कारण मुलगा पळून जातो, गाडी चालवतो, चोरी करतो, आणि रंगमंचाला काहीतरी घडावे लागते. आजीकडे किंवा मामाकडे ठेवलेली मुलगी यांतले काही करत नाही. ती गप्प होते, घरकामात जुंपली जाते, आणि दहावी होता होता नातेवाइकांत तिच्या ‘जबाबदारी’ची चर्चा सुरू होते. परक्याची ठेव आपल्या घरात काही कमी-जास्त होण्याआधी उजवून टाकावी असे सांभाळणाऱ्याला वाटू लागते. बालविवाह प्रतिबंध कायदा २००६ चा आहे, मुलीचे वय १८ हवे हे सर्वांना पाठ आहे, तरीही शाळेतून अचानक नाव कमी झालेल्या मुलींची आठवण मला शिक्षक म्हणून आहे. त्यांची गोष्ट लिहिणे अधिक कठीण आहे, आणि ती याच जिल्ह्यातल्या कोणीतरी लिहिली पाहिजे.

साताऱ्याने या प्रश्नाचे एक उत्तर पूर्वी दिले होते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. तिथल्या मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही, मोडले हे सातारकरांना सांगायला नको. त्या मुलांना सांभाळणाऱ्या माणसांना नाव होते, अधिकार होता आणि समाजाची मान्यता होती. आजची मामी तेच काम एका मुलापुरते करते, आणि तिच्या वाट्याला यांपैकी काहीही येत नाही.

नाटकाच्या दोषांविषयी लिहायचे ठरले होते. मोठा दोष शेवटाचा आहे. आई येते, मुलाला मिठी मारते आणि कोइमतूरला घेऊन जाते. गुण देणाऱ्याला हा शेवट बरा वाटत असेल, पण तो खरा नाही. बहुतेक मुले परत जात नाहीत, तिथेच दहावी करतात, आणि मामा-मामीला त्यांच्याबरोबर तिसरे वर्ष काढायचे असते. त्या तिसऱ्या वर्षात काय करता येते हे दाखवणे हे नाटकाचे खरे काम होते, आणि आईला आणून लेखकाने ते टाळले. दुसरा दोष असा की मुलाला शेवटी एक लांब स्वगत दिले आहे, ज्यात तो आपल्या मनातले सगळे सुसंगतपणे सांगतो. दीड तास न बोललेला मुलगा असे बोलू शकला असता तर नाटकाची गरजच नव्हती. हे दोष दुसऱ्या, पाचव्या, दहाव्या प्रयोगात सुटले असते. नाटक प्रयोगातून दुरुस्त होते, आणि एकच प्रयोग मिळणाऱ्या संघाला ही दुरुस्ती नाकारली जाते.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. नाटके कसली करता, शाळेत समुपदेशक नेमा, असे माझ्याच सहकाऱ्यांनी मला सांगितले. समुपदेशक हवाच, याविषयी माझे दुमत नाही. पण समुपदेशकाकडे जायला आधी घरातल्या कोणीतरी ‘आमच्याकडे काहीतरी अडले आहे’ असे म्हणावे लागते, आणि ते म्हणणे म्हणजे बहिणीच्या मुलाची तक्रार करणे असे इथे मानले जाते. मी स्वतः ते तीन वर्षे म्हणू शकलो नाही. त्या प्रयोगानंतर मात्र मी भाच्याला फोन केला. तो आता चोवीस वर्षांचा आहे. ‘गर’ची गोष्ट मी पहिल्यांदा त्याच्यापाशी काढली, आणि आम्ही बराच वेळ बोललो. दुसऱ्याच्या घरातली मामी रंगमंचावर बोलते तेव्हा आपल्या घरातल्या माणसाला तोंड फुटते, हे मी अनुभवले आहे.

म्हणून माझी मागणी मोजकी आहे. स्पर्धेसाठी सरकार खर्च करतेच. त्यातला काही भाग निवडक नाटकांच्या फेरप्रयोगांसाठी राखून ठेवावा, आणि हे प्रयोग सांगलीत किंवा साताऱ्यात न होता ज्या तालुक्यांची ती गोष्ट आहे तिथे व्हावेत. नगरपालिकांनी त्यांची सभागृहे सकाळच्या वेळी अशा प्रयोगांना विनाभाडे द्यावीत. वेळ मात्र विचारपूर्वक निवडली पाहिजे. गलाई कुटुंबे दिवाळीला, मे महिन्यातल्या लग्नसराईला आणि विशेषतः ग्रामदैवताच्या यात्रेला गावी येतात. वर्षातून यात्रेच्या त्या चार-पाच दिवसांत आई, वडील, मामा, मामी आणि तो मुलगा एका गावात असतात. यात्रा समित्या करमणुकीसाठी तमाशा आणि ऑर्केस्ट्रा आणतात, तो आणावाच. त्याच मंडपात दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोन तास या नाटकाला द्यावेत, आणि प्रयोगानंतर जिल्हा बाल संरक्षण कक्षाच्या माणसाने एका बाजूला खुर्ची टाकून बसावे. त्याने भाषण करू नये. कोणी आले तर ऐकून घ्यावे.

मामीचे काम करणाऱ्या बाईंना प्रयोग संपल्यावर मी विंगेत जाऊन भेटलो होतो. त्या खरोखरच शिवणकाम करतात आणि रंगमंचावरची मशीन त्यांच्या घरची होती. स्पर्धेसाठी ती छोट्या हत्ती टेम्पोतून कॉट आणि खुर्चीबरोबर सांगलीला आणली होती आणि त्याच रात्री परत न्यायची होती, कारण सकाळी दोन ब्लाउज द्यायचे होते. यात्रेत प्रयोग करायला मिळाला तर कराल का, असे मी विचारले. त्यांनी फक्त तारीख विचारली, कारण त्या दिवसात त्यांच्या स्वतःच्या घरी नणंद आणि नंदावे कोची‌हून आलेले असतात आणि नणंदेचा मुलगा नववीला त्यांच्याजवळ आहे.